डब्यात भरलेलं तणस

गोंदियाच्या दुकानदारानं मला तोंडावर सांगितलं होतं, “भैया, फिटिंग यहीं करवा लो. घर जाकर करोगे तो रोओगे.” असला राग आला मला! सडक अर्जुनीत माझं पाण्याच्या जळालेल्या मोटरी नव्या तारेनं भरायचं दुकान. दिवसभर तांब्याच्या तारेशी खेळणारा माणूस मी, आणि हा मला दोन वायरी जोडायला शिकवतो! “हमको मत सिखाओ,” म्हटलं. गाडीत बसवायचा प्लेअर, दारांचे छोटे स्पीकर, ॲम्प्लिफायर, वूफर म्हणजे धपधप वाजणारा मोठा स्पीकर, आणि वायरीचं भेंडोळं उचललं आणि व्हॅनमध्ये टाकून निघालो.

पेन ड्राइव्ह नवे नवे आले होते तेव्हाची ही गोष्ट. व्हॅन जुनीच होती, तिसऱ्या हाताची. आणि घरात मी एकटा. बायको पोळ्याला माहेरी गेली ती दिवाळी झाली तरी आली नव्हती. भांडण म्हणाल तर तसं काही नाही. मी हात उचलला नाही, पीत नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण मी बोलतही नाही. आता लिहून तरी राहिलो, तेव्हा तेही नव्हतं. ती म्हणायची, “अजी, दिवसभर भिंतीसंग बोलल्यावानी होते मले.” मी ऐकून घ्यायचो आणि जेवायचो. त्यावर काय बोलायचं असतं ते मला खरंच कळत नव्हतं.

मंडईच्या आठ दिवस आधी सासऱ्यांचा फोन आला. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. गावोगावी वेगवेगळ्या दिवशी भरते, लेकीबाळी माहेरी जमतात आणि जावयाला बोलावणं असतंच असतं. सासरे म्हणाले, “जवाईबुवा, मंडईले या. पोरीले नेत असान तर या खेपेले न्या. नाही तं मंग आमाले पुढचं पाहा लागन.” पुढचं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. फोन ठेवला.

मग मला आठवलं, ती एकदा गाडीत म्हणाली होती, “लोकायच्या गाडीत गाणे तरी वाजतेत. आपल्या गाडीत नुसतं इंजिन.” सापडलं! असं वाटलं मला. अख्ख्या संसारात तिनं मागितलेली ही एकच वस्तू होती जी विकत मिळत होती. दुसऱ्याच दिवशी गोंदिया गाठलं.

पाच दिवस दुकान बंद ठेवून मी त्या गाडीत होतो. सगळ्या सीटा काढल्या, पायाखालची चटई उपटली. बॅटरीपासून मागच्या डिक्कीपर्यंत जाड लाल वायर नेली, मध्ये फ्यूज टाकला. काळी वायर कसायच्या जागी बॉडीचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, कारण रंगावर कसली तर करंट नीट फिरत नाही. वूफरचा डब्बा प्लायवूडचा, तोही मीच केला. भोकाचा गोल परात ठेवून आखला, तो बोटभर मोठा झाला. मग सायकलच्या ट्यूबची रिंग कापून फट बुजवली. स्वतःच्या हुशारीवर स्वतःच खूश होऊन मी एकटाच हसलो. दाखवायला कोण होतं? शेजारी सगळे हलका धान कापायला शेतातल्या बांधीत गेलेले. दुपारी भात, रात्रीही तोच भात, आणि मध्ये स्क्रू. खरं सांगतो, ती गेल्यापासूनचे तेवढेच पाच दिवस बरे गेले.

दुकानदारानं सांगितलं होतं की डब्यात कापूस भर, म्हणजे आवाज गोल येतो. कापूस कशाला? आमच्याकडे आंबे तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, पिकतात, अंडी तणसात राहतात, थंडीत अंथरुणाखाली तणसच असतं. अंगणात नव्या धानाचं तणस पडलेलं होतं, चांगलं मऊ, पिवळंधमक. दाबून भरलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल माझ्याच गोठ्यातला. नव्या तणसात धानाचे दाणे राहतात आणि दाण्यामागे उंदीर येतो, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि डब्याला मागं हवेसाठी पाइपाचं भोक मीच ठेवलं होतं, चांगलं मुठीएवढं.

मंडईच्या दिवशी वूफर असा वाजला की काय सांगू! अर्जुनी मोरगावच्या रस्त्यानं जाताना छातीत धपधप होत होतं. वाटेत एका पुलावर थांबलो आणि ती आल्यावर काय बोलायचं त्याची तयारी केली. “चाल घरी.” एवढंच सुचलं. तेच चार वेळा मोठ्यानं म्हणून पाहिलं.

दुपारी सासरी पोचलो. गाव पाहुण्यांनी गजबजलेलं. सासरे अंगणात खाटेवर बसून दोर वळत होते. पाणी झालं, चहा झाला. ती बाहेर आली. वाळली होती. मी म्हटलं, “गाडीत काही लावलं. पाहतेस?” “चाल घरी” राहिलंच.

ती पुढच्या सीटवर येऊन बसली. तिची थैली तिच्या मांडीवर होती. पाहिली ना मी ती थैली! कपडे भरलेली थैली माणूस उगाच घेऊन बसत नाही. मी गाणं लावलं. ती थोडी हसली, खरंच हसली. मग म्हणाली, “कमी करा थोडं. मले काई बोलाचं हाये.”

मी बटनाकडे हात नेला आणि मागं काहीतरी फरफरलं. वूफर बंद. दारातले छोटे स्पीकर तेवढे चिरचिरत राहिले.

“एक मिनिट हं,” मी म्हटलं आणि उतरलो. आता लपवून काय करू? मला हायसं वाटलं. ती काय बोलणार याची मला भीती वाटत होती, आणि बंद पडलेल्या वायरीची मला कधीच भीती वाटली नाही.

डिक्की उघडली, डब्याचे स्क्रू काढले, वूफर उचलला. एक उंदीर माझ्या मनगटावरून उडी मारून पळाला. आत तणसाचं गोल घरटं, धानाची फोलपटं, आणि वायर दातांनी कुरतडून तोडलेली. मी ठेवणीतल्या शिव्या दिल्या. गाणं तसंच चालू ठेवलं, म्हणजे वायर जुळली की लगेच कळेल. डोकं डब्यात घातलं, तणस उपसून बाहेर फेकलं, तार सोलली, पिळली, टेप मारली. किती वेळ गेला ठाऊक नाही. मी कामात असलो की मला वेळ नसतो, तहानभूकही नसते.

धप्प! वाजला! अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. मी तोंडभर हसत पुढं पाहिलं. सीट रिकामी होती. थैलीही नव्हती.

गाणं बंद केलं. सासरे खाटेवर होते तिथंच होते.

“मामाजी, ही कुठं गेली?”

“आत गेली ना. झाला बराच वेळ.” त्यांनी दोर खाली ठेवला. “तुमाले सांगूनच तं गेली.”

“मले?”

“हो. मागं आली, तुमच्याजवळ उभी राहिली, बोलली. तुमचं डोकं डब्यात. मंग अजून एकदा बोलली.”

“काय बोलली?”

“मले काय मालूम, बाप्पा? ते गाणं केवढ्यानं वाजून राहिलं होतं.” त्यांनी दाराकडे हात केला. मग हळू म्हणाले, “जा ना आत. इचारा तिले. आताही जा.”

दार दहा पावलांवर होतं आणि उघडं होतं. “हो, जातो,” मी म्हटलं, आणि आधी डब्याचे स्क्रू कसायला घेतले. बारा होते. एकही सोडला नाही. मग आत न जाता गाडीत बसलो आणि एकटाच घरी आलो.