तीन नंबरची काचपट्टी

लिओंटिना झाम्फिराके बाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी भिंती बघतात, मग माणसं. आमच्या जिल्हा बांधकाम इंजिनिअर मंडळाच्या त्या बावीस वर्षं चिटणीस होत्या. औषधाच्या दुकानावरच्या आमच्या दोन खोल्या, तिथला हट्टी हीटर, शिक्के, जुन्या नोंदवह्या, सगळं त्यांच्याकडे असायचं. वय सत्तर. नवरा नाही, मूल नाही.

मंडळाची एक पद्धत आहे. सत्त्याहत्तर साली चार मार्चला मोठा भूकंप झाला. दर वर्षी त्या दिवशी आम्ही सकाळी जमतो, गेलेल्यांच्या नावाने शिजवलेला गोड गहू, म्हणजे कोलिवा, खातो आणि दोघादोघांच्या जोड्या करून जुन्या इमारतींच्या भेगा बघायला निघतो. भूकंपाच्या वर्षी या भेगांवर काचेच्या पट्ट्या बसवल्या होत्या. मधे भेग, आणि पट्टीची दोन्ही टोकं प्लास्टरने भिंतीला घट्ट. भिंत हलली की काच तुटते. आमच्या धंद्यात अशा पट्टीला साक्षीदार म्हणतात.

मी मंडळात सगळ्यात लहान, त्यामुळे बाईंची जोडीदार मी. दुसरं कुणी तयार नसायचं. बाकीचे एका इमारतीला दहा मिनिटं देतात. बाई मात्र सात नंबर ब्लॉकच्या जिन्यात, तीन नंबरच्या पट्टीसमोर अर्धा तास उभ्या राहायच्या, भिंतीला कान लावून.

"इलिंका, ऐकू आलं का?"

"काय, बाई?"

"टक्."

"नाही."

"बरं," म्हणायच्या, आणि तरी हलायच्या नाहीत.

त्या राहतातही तिथेच. भेगेची पलीकडची बाजू त्यांच्या पलंगाच्या उशाशी येते. बाईंचं भिंतीशी लग्न लागलंय, अशी मंडळात थट्टा चालायची. मीही हसायचे.

गेल्या ऑक्टोबरात एका कंत्राटदाराला सात नंबर ब्लॉकवर आणखी एक मजला चढवायचा होता. बदल्यात गळकी गच्ची तो फुकट दुरुस्त करणार होता. रहिवासी खूश होते. सगळ्यात खूश रोमिका, वरच्या मजल्यावरचा बसचालक. त्याच्या घरात पावसाळी दिवशी सहा बादल्या मांडलेल्या असतात. परवानगीसाठी नगरपालिकेने मंडळाचा अभिप्राय मागवला. अध्यक्ष पोम्पिलिऊ साहेबांनी सत्त्याहत्तरची नोंदवही उघडली आणि वाचलं, "काचपट्टी तीन. तीस दिवस. हालचाल नाही. सही, लि. झाम्फिराके."

"झालं की काम," साहेब म्हणाले. "आपल्याच बाईंची सही आहे. इलिंका, टाइप कर आणि त्यांच्याकडून चिटणीस म्हणूनही सही आण."

बाई तेव्हा आजारी म्हणून घरी होत्या. मी कागद घेऊन गेले. त्यांनी वाचला, घडी घातली, आणि कपाटातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. आत रुमालात काचेचे दोन तुकडे होते. मी ते जुळवले. काचेवर टोकदार कशानेतरी कोरलं होतं: ३, ९ मार्च ७७.

"पण तीन नंबर तर जिन्यात आहे," मी म्हणाले. "अख्खी. हीच तारीख."

"ती मी नंतर लावली. जुनी तारीख घालून."

मग त्यांनी सांगितलं, आवाज न चढवता, इतिवृत्त वाचावं तसं. ब्लॉकमधली बत्तीस कुटुंबं तेव्हा शाळेच्या व्यायामशाळेत राहत होती. तीस दिवस पट्ट्या टिकल्या तर त्यांना घरी सोडायचं, असं ठरलं होतं. रोज नोंद घ्यायला चोवीस वर्षांच्या लिओंटिना जायच्या. व्यायामशाळेत साफ्ता नावाची बाळंतीण रोज त्यांना अडवायची. पोराच्या छातीत कफ भरला होता. "इंजिनिअर बाई, ईस्टरच्या आत घरी जाऊ ना?" सव्विसाव्या दिवशी तीन नंबरची पट्टी तुटलेली होती. ईस्टरला सहा दिवस होते.

"पिशवीत दुसरी पट्टी होती. दोन मिनिटं लागली."

"आणि ते बाळ?"

"वर बादल्या उपसतंय."

रोमिका.

धीर द्यायचा म्हणून म्हणाले, "बाई, शहाऐंशीला हादरा बसला, नव्वदला बसला. तरी ही दुसरी पट्टी शाबूत आहे. म्हणजे भिंत थांबलीय."

"तेच धरून बसलेय मी इतकी वर्षं," त्या म्हणाल्या. "हिला उशाशी घेऊन झोपायचं. तुटलीच तर पहिलं मला कळेल. सगळ्यांना उठवीन."

आम्ही जिन्यात आलो. मी पट्टीवरची धूळ पुसली. कॉलेजात शिकवलेलं आठवलं म्हणून आधी प्लास्टर तपासलं. उजवं टोक घट्ट होतं. डाव्या टोकाखाली माझं नख सहज गेलं, आणि प्लास्टरचा गोळा काचेसकट सुटून वर उचलला गेला. मागे जुन्या तेलरंगाचा गुळगुळीत थर. ओल्या, रंगवलेल्या भिंतीवर घाईत लावलेलं प्लास्टर कधी धरलंच नव्हतं.

पट्टी एकाच बाजूने चिकटलेली होती. भिंत कितीही सरकली असती तरी ती तुटली नसती.

बाई खाली पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी शेहेचाळीस वर्षं कशाला कान देत होते?"

वरून रोमिका उतरत आला, हातात बादली. "काय बाई, सही केली का? औंदा तरी माझ्या पलंगावर पाऊस पडायचा नाही ना?"

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बादली घेऊन तिथेच थांबला.

शनिवारच्या सभेत त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि उभं राहून सगळं सांगितलं. नोंदवहीतल्या आपल्याच सहीवर एक आडवी रेघ ओढली आणि शेजारी आजची तारीख घातली.

"बाई, इमारत उभी आहे हो," पोम्पिलिऊ साहेब हळूच म्हणाले. "कशाला उकरून काढताय?"

"उभी आहे, हे मला माहीत आहे. का उभी आहे, हे माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर तुम्ही सही करा, साहेब."

कुणी पेन उचललं नाही. अभिप्राय गेला तो असा: जुनी नोंद बाद, पूर्ण तपासणी झाल्याशिवाय वर एक वीटही नको. कंत्राटदार पुन्हा फिरकला नाही. बाईंनी चिटणीसपद सोडलं. ब्लॉकमध्ये त्यांच्याशी कुणी बोलेना. एका सकाळी रोमिकाने पाण्याने काठोकाठ भरलेली बादली त्यांच्या दारात आणून ठेवली. बाईंनी ती ओतली, घासली आणि वर नेऊन दिली.

"दुसरीकडे राहायला जा की," मी एकदा म्हटलं.

"आणि हे सगळे?"

या फेब्रुवारीत तपासणी सुरू झाली. नवी तीन नंबरची पट्टी मी लावली. रंग खरवडून, वीट उघडी करून, दोन्ही टोकं नीट भरून. तारीख कोरली. बाई म्हणाल्या, "तुझं नावही कोर." मी कोरलं.

आता रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी तिथे जाते. दाराचा आवाज आला की बाईंना कळतं. त्या शाल गुंडाळून बाहेर येतात. काल सव्विसावा दिवस होता. पट्टी अख्खी होती. मी नोंद लिहिली.

"तुटली असती तर काय लिहिलं असतंस?" त्यांनी विचारलं.

"तुटली, असं."

"पटकन म्हणालीस."

वरच्या मजल्यावर रोमिकाची नात रडत होती. तीन आठवड्यांची आहे. खोकल्याचा आवाज जिन्यातून खाली येत होता. तुटली असती तर आज दुपारपर्यंत हे सगळे व्यायामशाळेत असते, आणि बाहेर बर्फ होतं.

मी वही मिटली, तरी पाय निघेना. मग माझ्या लक्षात आलं, की मी भिंतीला कान लावून उभी आहे. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.