टेलिफोटो घ्यायचीय, पण कोणती?

ज्यांच्याकडं चांगली लेन्स असते, त्यांच्याकडं फोटो साठतात. ज्यांना ती घ्यायची असते, त्यांच्याकडं नुसते किस्से साठतात. माझी सगळी जमा ही दुसऱ्या प्रकारातली.

मी शाळेत भूगोल शिकवते. रविवारी सकाळी हर्सूल तलावावर पक्षी बघायला जाणारं आमचं तिघांचं टोळकं आहे. अन्वरभाईंचं शहरात चष्म्याचं दुकान आहे. दत्ता शेंद्र्याला कंपनीत आहे आणि त्याची शेतीही त्याच बाजूला. दोघांकडं टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स आहे. माझ्याकडं कॅमेऱ्याबरोबर आलेली छोटी. तिच्यातून बगळा म्हणजे पांढरा ठिपका! शेवटी मी बजेट ठरवलं आणि दोघांना विचारलं, कोणती घेऊ? तिथून माझ्या डोक्याचा भुगा सुरू झाला.

* * *

दत्ता म्हणाला, डोळे झाकून सहाशे मिलिमीटरची झूम घ्या. अन्वरभाई म्हणाले, त्या पैशात जुनी तीनशेची घ्या, पण एफ फोर. ही सहाशेवाली सहा पॉइंट तीन आहे, म्हणजे उजेड कमी घेते. मी म्हटलं, सहा मोठे की चार?

"मॅडम, इसमें उलटा है. आकडा जितका लहान, भोक तितकं मोठं," अन्वरभाई म्हणाले.

दोन दिवस मी तेच घोळवत होते. तिसऱ्या दिवशी वर्गात नकाशाचं प्रमाण शिकवायला घेतलं. एक मुलगी उठून म्हणाली, मॅडम, खालचा आकडा लहान असेल तर प्रमाण मोठं कसं? हा प्रश्न मला दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी उत्तर देते. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "अन्वरभाईंना विचारून सांगते."

पुढच्या बाकावरच्या दोघींनी ते वहीत लिहूनही घेतलं.

* * *

मग वजनाचा प्रश्न आला. दत्ताची लेन्स दोन किलोची. हातात पेलेल का, हे आधी बघावं म्हणून त्यानं उपाय सांगितला. दोन किलोची कुठलीही पिशवी घ्यायची, डोळ्यापाशी धरायची आणि हात थरथरतो का बघायचं.

आमचं घर पुंडलिकनगरात, गच्चीला गच्ची लागून. संध्याकाळी मी तूरडाळीची पिशवी घेऊन वर गेले, एक डोळा मिटला, दुसरा पिशवीला लावला आणि समोरच्या टाकीवरच्या कावळ्यावर नेम धरला. शेजारच्या काकू पापड काढायला आल्या होत्या. बराच वेळ त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग काळजीनं म्हणाल्या, "किडे झाले व्हय डाळीत? उन्हात घाला की. डोळ्याला कशापायी लावताय?"

* * *

दुकानात गेले तर मालक म्हणाला, बाहेर उभं राहून वापरून बघा. समोरच्या इमारतीच्या छज्ज्यावर पोपटांची जोडी होती. मी लेन्स लावली, बटण दाबलं, आणि पोपट उडाले. त्यांच्या मागच्या खिडकीत कपडे वाळत घालणारी एक बाई होती. ती तरातरा खाली आली आणि न विचारता फोटो काढता म्हणून मला फैलावर घेतलं. मी शरमून कॅमेरा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, तुम्हीच बघा, तुम्ही दिसतच नाही यात.

तिनं फोटो मोठा करून बघितला. तिचा चेहरा बदलला. खिडकीखालच्या भिंतीला ही एवढी भेग गेली होती आणि घरातून ती कधी दिसली नव्हती. तिनं तो फोटो नवऱ्याच्या मोबाईलवर पाठवायला लावला, घरमालकाला दाखवायला. जाताना म्हणाली, घ्या ही लेन्स, चांगली आहे.

* * *

अन्वरभाईंची लेन्स त्यांच्या वडिलांच्या काळची. फोकस हातानं फिरवायचा. तलावाच्या कडेला बाभळीच्या एका फांदीवर खंड्या येऊन बसतो. अन्वरभाई फोकस जुळवत आणतात, जुळला की खंड्या पाण्यात सूर मारतो. कित्येक रविवार हेच. एकदा मी विचारलं, त्याचा एकही फोटो नाही?

"परिंदा नहीं मिला," ते शांतपणे म्हणाले. "फांदी मात्र एकदम शार्प आहे."

* * *

गेल्या हिवाळ्यात दत्ताच्या चुलत्यांच्या हरभऱ्यात काळविटं शिरायला लागली. निम्मं रान खाल्लं होतं. वनखात्याला दाखवायला पिकात शिरलेल्या हरणांचा फोटो हवा होता. दत्ताला कॅमेरा धरवेना, हात प्लास्टरमध्ये होता. त्याची लेन्स माझ्या कॅमेऱ्याला बसत नव्हती, म्हणून मी सहाशेची लेन्स भाड्यानं घेतली. म्हटलं, काम होईल आणि लेन्सची परीक्षाही.

पहाटे चुलते आणि दत्ता वरच्या बांधाला थांबले. मी चुलतीबरोबर खालच्या बांधावर, तुराट्यांच्या आडोशाला. फटफटलं आणि कळप आला, पण पार पलीकडं, धुक्यात. त्यातलं एक पाडस वेगळं झालं आणि सरळ आमच्याकडं चालत आलं. मी लेन्स लावली. आधी झकास दिसलं. मग ते आणखी जवळ आलं आणि सगळं पुसट झालं. या लेन्सला समोरची वस्तू निदान आठ-दहा फूट लांब लागते. पाडस त्याच्याही आत येऊन उभं राहिलं. मी गोंधळून कॅमेऱ्यावरून डोळा काढला.

चुलतीनं पदराखालून दुधाची बाटली काढली होती. पाडस मान वर करून चुटुचुटु पीत होतं. बोट कॅमेऱ्यावर होतंच. मी दाबलं.

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मालकांना दाखवू नका, ताई. माय न्हाय त्याला."

थोड्या वेळानं चुलते आणि दत्ता खाली आले. कळप निघून गेला होता, पाडसही. दत्तानं कॅमेरा घेऊन फोटो बघितला. पडदाभर नुसता तपकिरी ढग. चुलत्यांनीही वाकून बघितलं आणि हताशपणे मान हलवली. चुलती हरभऱ्याची भाजी खुडत होती.

"मॅडम," दत्ता म्हणाला, "लई लांब होती वाटतं हरणं. तुम्ही याच्यापेक्षा मोठी घ्या."