सीलनकाका आणि आईची खोली

सीलनकाका कुणाच्याही घरी गेले की दारात चपला काढत आणि नमस्कार करायच्या आधी अनवाणी पायांनी जमीन चाचपत. मग घरमालकाला, मुलीचं लग्न मोडल्याची बातमी द्यावी तसं, हळूच सांगत, "सीलन आहे." बनारसच्या आम्हा मराठी लोकांत ओलीला सीलनच म्हणतात. त्यावरून पडलेलं हे नाव त्यांनी पदवीसारखं मिरवलं.

रेल्वेच्या कारखान्यात डब्यांचं सुतारकाम करून ते निवृत्त झाले होते. राहायचे मुन्शी घाटामागच्या गल्लीत. माझ्या वडिलांचे ते दोस्त, आणि वडील गेल्यावरही दर रविवारी आईकडे चहाला यायचे. जिना चढून वर यायचे, कारण आई खाली येऊ शकत नव्हती. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिने चार वर्षं अंगण पाहिलं नव्हतं.

खाली गॅरेज रिकामं होतं. तिथे आईची खोली करायचं मी ठरवलं. काँक्रीटच्या गारठ्याने तिचे पाय आखडतात, म्हणून वर लाकडी जमीन घालायची. दिवाळी खालीच करू, असा शब्दही मी तिला देऊन बसलो. काकांना लाकूड कोणतं घ्यावं विचारलं, तर म्हणाले, "लाकूड सगळ्यात शेवटी. आधी पाणी कुठून येतं ते बघू."

त्यांनी पॉलिथिनचा हातभर चौकोन काँक्रीटवर ठेवला, चारही कडा टेपने चिकटवल्या आणि दोन दिवस कुणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं. उचलला तेव्हा खाली दव पडल्यासारखे थेंब होते. कारण बाहेर सापडलं. गच्चीच्या पाण्याचा पाइप नेमका गॅरेजच्या भिंतीशी सुटत होता. काकांनी तो नालीपर्यंत नेऊन सोडला आणि महिनाभर थांबायला सांगितलं. बँकेतला माणूस मी, मुदत पाळायची सवय. महिना कसाबसा काढला.

दुसऱ्यांदा चौकोन चिकटवला, तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. काका यायच्या आधी मी कडा सोडवून पाहिली. थेंब होते, थोडेच. मी गमछ्याने पुसले आणि टेप परत दाबून बसवली. आजही ते आठवलं की माझी मला लाज वाटते.

काकांनी पॉलिथिन उचललं. खालचा चौकोन आजूबाजूच्या काँक्रीटपेक्षा काळपट दिसत होता. उकिडवे बसून त्यांनी त्यावर तळहात ठेवला. "पाणी पुसलंस, ठीक," ते म्हणाले. "डाग कसा पुसणार? सुहास, वहिनी ह्याच जमिनीवर पाय टाकणार आहेत. फुगलेल्या फळीला अडखळून पडल्या, तर तू काय पुसशील?"

मग ते वर गेले. आता हे आईला सगळं सांगणार, म्हणून मी जिन्यातच थांबलो. ते म्हणाले, "वहिनी, दिवाळी वरच करा. उशीर माझ्यामुळे होतोय."

माघात जमीन कोरडी निघाली. तरी त्यांनी जाड पॉलिथिन अंथरलंच, जोड हातभर एकमेकांवर घेतले, कडा भिंतीवर चढवल्या. कोरडी जमीन हा एका ऋतूचा वादा आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यावर वाळवीचं औषध प्यायलेल्या लाकडी पट्ट्या, मग फळ्या. भिंतीशी बोटभर फट ठेवली, कारण लाकडालाही श्वास घ्यावा लागतो म्हणे. होळीच्या आधी आम्ही दोघांनी आईला खुर्चीत बसवून खाली आणलं. त्यानंतर दोन पावसाळे गेले, गंगा घाटांच्या पायऱ्या गिळून गेली, पण फळी काही हलली नाही. आई काठी घेऊन खोलीत फिरू लागली, मग अंगणात.

गेल्या थंडीत काकांची मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते तिथेच वारले. नागपूरला जायच्या दिवशी ते निरोप घ्यायला आले होते. वर राहायची तेव्हा आई पाहुण्यांना वरूनच हाक मारून निरोप द्यायची. त्या दिवशी ती काठी टेकत अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेली आणि ई-रिक्शाचा दांडा धरून उभी राहिली. मी आधाराला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

काका रिक्शात बसले. म्हणाले, "वहिनी, गारठा आहे. आत जा आता."

"जाईन," आई म्हणाली. "आता माझं मला जाता येतं."