बाबांचं बोर्डो

माझे सासरे पहिल्यांदा जर्मनीत आमच्याकडे झिंडेलफिंगेनला आले, तेव्हा नवऱ्याने त्यांना बाल्कनीच्या आधी केलर दाखवलं. केलर म्हणजे इमारतीच्या तळघरातली आमच्या वाट्याची खोली. तिथे सायकली होत्या, लोणच्याच्या बरण्या होत्या आणि जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली फ्रेंच रेड वाइनची एक बाटली होती. नवऱ्याच्या साहेबांनी निवृत्त होताना ती त्याला दिली, आणि त्या दिवसापासून तो वाइनमधला जाणकार झाला. मी लोणचं काढायला गेले तरी "हळू, तिला धक्का नको," म्हणायचा. मी गरोदर असताना त्याने इतकं जपल्याचं मला आठवत नाही.

"बाबा, ही बोर्डोची आहे," तो हळूच म्हणाला.

"बोर्डो?" बाबा म्हणाले. "ते तर आपण फवारतो."

निफाडजवळ त्यांची द्राक्षबाग आहे. मोरचूद आणि चुना कालवून केवडा रोगावर मारतात ते बोर्डो त्यांनी जन्मभर फवारलं होतं. ते एका गावाचं नाव आहे, हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. कळल्यावर मात्र त्यांना म्युनिक नको, राजवाडे नकोत. "ही बाटली ज्यांच्या बागेतली, त्यांच्याकडे जाऊ," एवढंच. नवऱ्याने त्या इस्टेटीला मेल केला, उत्तर आलं, आणि वाटेत एक मुक्काम करून आम्ही तिघं फ्रान्समध्ये पोचलो.

मालकीणबाई साठीच्या होत्या. मागे मोठं दगडी घर, पायात चिखलाचे रबरी बूट. नवरा पाठ केलेलं फ्रेंच सुरू करणार तोवर बाबा बागेत शिरले होते. वेली जेमतेम कमरेएवढ्या, घड मुठीत मावतील असे.

"अरे, यांना कुणी खायला घालत नाही का?" बाबा म्हणाले. "हा काय मणी झाला? आपल्याकडे व्यापारी गाडीतून उतरणार नाही."

"काय म्हणतात?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"बाग फार सुंदर आहे म्हणतात," नवऱ्याने सांगितलं.

बाईंनी बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्या मनापासून हसल्या.

तेवढ्यात बाबांना एका पानावर निळसर डाग दिसले. "बोर्डो!" ते आनंदाने ओरडले. बाईंनी हात पसरून सगळं शिवार दाखवलं. "वी, बोर्डो!" म्हणजे हो, हेच बोर्डो. बाबांनी नाही अशी मान हलवून पुन्हा पान दाखवलं. मग बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी फवारणीचा पंप पाठीवर असल्याचा अभिनय केला, बाबांनी तसाच करून दाखवला, आणि दोघं ओळीओळीने पुढे निघून गेले. इकडे टेस्टिंगचे ग्लास मांडून नवरा एकटाच उभा. मी काय, गाडीतून चिवडा आणून बसले.

घरी परतल्यावर बाटली उघडायची ठरली. जुनं बूच मधेच तुटलं, म्हणून नवऱ्याने ती वाइन चहाच्या गाळणीतून गाळली. मग ग्लास फिरवत जर्मन थाटात सुरू झाला, "आल्झो, आधी चामडं येतं, मग तंबाखू, मग ओली माती..."

"एवढं सगळं असेल तर मी पोळीच खाते," मी म्हटलं.

बाबा दारू घेत नसत. त्यांनी नुसतं ग्लासाजवळ नाक नेलं आणि म्हणाले, "बेदाण्याच्या शेडमध्ये येतो तसा वास आहे." मग चष्मा लावून त्यांनी बाटलीवरचं साल वाचलं.

"याच साली आपल्याकडे गारपीट झाली होती," ते नवऱ्याला म्हणाले. "तुझी दहावी होती. तुला कळू द्यायचं नाही, असं तुझ्या आईने बजावलं होतं. सकाळी गेलो, तर बागेत पानसुद्धा राहिलं नव्हतं."

नवऱ्याने ग्लास खाली ठेवला. "मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

"सांगून काय, तू भूगोलात जास्त मार्क आणणार होतास?"

मग बाबांनी माझ्यापुढचा ग्लास ओढला. "त्या बाईंचं मात्र चांगलं गेलं ते वर्ष. निदान कुणाचं तरी चांगलं गेलं," ते म्हणाले आणि औषधासारखा एक घोट घेतला. तोंड वाकडं झालं.

"तुरट आहे," त्यांनी सांगितलं. आणि ग्लास काही परत दिला नाही.