बोटाच्या मापाचे स्टेशन

माझ्या धाकट्या भावाला कंपवात आहे. डॉक्टर त्या व्याधीला इंग्रजी नाव देतात, पण घरात आम्ही कोणतेच नाव घेत नाही. "आज हात कसे आहेत?" एवढे विचारले की सर्वांना समजते.

वडिलांनी मला पंचवटीतल्या पाठशाळेत घातले आणि त्याला इंग्रजी शाळेत. मी जन्मभर संस्कृत शिकवले, लोकांच्या घरी शांती-होम केले. तो रेल्वेत स्टेशन मास्तर झाला. निवृत्तीनंतर नाशिकरोडच्या आपल्या घरी, वरच्या खोलीत, त्याने फळ्यांवर एक लहानसा लोहमार्ग मांडला. प्लास्टरचे डोंगर, त्यांतून जाणारा बोगदा, रंगवलेल्या भुशाचे गवत, आणि विजेवर चालणारी बोटभर उंचीची गाडी. या उद्योगात त्याची कितीतरी वर्षे गेली. सर्व काही झाले होते, फक्त एक जागा रिकामी होती. तिथे स्टेशनाची इमारत यायची होती. त्याच्या पहिल्या नेमणुकीचे, मनमाडच्या बाजूचे एक लहान स्टेशन त्याला हुबेहूब करायचे होते. आधी मार्ग नीट होऊ दे, मग थांबा बांधू, असे म्हणत त्याने ते शेवटासाठी राखून ठेवले, आणि शेवट येण्याआधी हात गेले.

श्रावण संपता संपता भावजयीचा फोन आला.

"भाऊजी, हे सगळं देऊन टाकायचं म्हणतायत. पुण्याचे कोणी गृहस्थ आहेत, त्यांना याच गोष्टींचा नाद आहे. दसरा झाला की टेम्पो घेऊन येणार आहेत."

"देऊ दे की. खोली मोकळी होईल."

"मोकळी होईल काय! सकाळी उठून ते त्या खोलीत जातात म्हणून आंघोळ करतात, म्हणून दाढी करतात. खोली मोकळी झाली तर उठतील कशाला?"

दुसऱ्या दिवशी आन्हिक आटोपून मी रिक्षाने नाशिकरोड गाठले.

तो खुर्चीत बसला होता. दोन्ही हात मांडीवर ठेवलेले, आणि ते मांडीवरच थरथरत होते. समोर गाडी फिरत होती. बोगद्यात शिरायची, बाहेर यायची, रिकाम्या जागेवरून पुढे निघून जायची.

"थांबव ना तिला जरा," मी म्हणालो.

"कुठे थांबवू, दादा? स्टेशन कुठे आहे?"

"मी करतो स्टेशन."

तो हसला. "तू? तुला पुडीचा दोरा सोडता येत नाही. बायको होती तोवर ती सोडायची."

"होमाचे कुंड मी स्वतःच्या हाताने बांधतो. भोवतीच्या पायऱ्या, मेखला, योनी, सगळे प्रमाणात."

"हे स्टेशन आहे. इथे धूर इंजिनातून निघतो, इमारतीतून नाही."

पण त्याने कपाटातून एक छायाचित्र काढायला लावले. काळ्या दगडाची बैठी इमारत, मंगलोरी कौले, पुढच्या पाख्याला लाकडी झालर, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. मधल्या दारात हिरवा झेंडा काखेत धरून तो स्वतः उभा होता, सडपातळ, ताठ. ती इमारत आता राहिलेली नाही. तिचा नकाशा कोणाजवळ नाही आणि मापे त्याला आठवत नव्हती. जे काही होते ते त्या एका चित्रात होते.

"त्या दारात तू आहेस," मी म्हणालो. "तुझी उंची कळली की दाराची कळली, आणि दाराची कळली की सगळ्या इमारतीची."

"मग उंची मोज माझी. आणि सत्त्याऐंशीने भाग. माझे रूळ त्या प्रमाणाचे आहेत."

त्याची उंची मोजायची म्हणजे त्याला भिंतीशी उभे करायचे. तो आता ताठ उभा राहू शकत नाही. मान पुढे येते, गुडघे वाकतात. भिंतीला पाठ लावण्याची ती धडपड मी आणि भावजयीने पाहायची, आणि आम्ही पाहतो आहोत हे त्याने पाहायचे, हे मला नको होते. पाठशाळेत आम्हाला शिकवले होते की कुंड मोजायचे ते यजमानाच्या बोटाने. मधल्या बोटाच्या मधल्या पेऱ्याची रुंदी ते एक अंगुळ, आणि पुरुषाची उंची त्याच्याच अंगुळांत ठरलेली. ज्याचे कर्म, त्याच्याच देहाचे माप. बाजारातली पट्टी कोणाचीच नसते, म्हणून ती चालत नाही. मी त्याचा उजवा हात टेबलावर ठेवून घेतला, वरून माझा तळहात दाबून कंप थोडा आवरला, आणि कागदाच्या पट्टीवर पेऱ्याच्या दोन्ही कडांना पेन्सिलीने रेघा ओढल्या.

"काय करतोयस?"

"काही नाही. बघतोय."

त्याला वाटले असावे की मी नाडीसारखे काहीतरी पाहतो आहे, आणि उंचीचा विषय त्यानेही पुन्हा काढला नाही. वाकणाऱ्या देहात बोट तरी वाकत नाही, असे मनाशी म्हणत मी घरी आलो.

त्या अंगुळावरून मी त्याची उंची काढली, सत्त्याऐंशीने भागली, आणि गणपती बसण्याआधी काम सुरू केले. भिंतींना जाड पुठ्ठा घेतला आणि बोथट सुईने त्यावर एकेक दगड कोरला. कौलांसाठी द्राक्षांच्या पेटीचा नालीदार पुठ्ठा ओला करून वरचा कागद सोलून काढला; खालच्या पन्हळ्या हुबेहूब कौलांसारख्या दिसतात. झालर मात्र दोनदा तुटली. सकाळची संध्या झाली की देवांना नमस्कार करून मी कामाला बसे, आणि कातर चालवताना नकळत माझ्या तोंडून मंत्र सुरू होत. पितृपक्ष लागल्यावर मी काम थांबवले. त्या पंधरवड्यात नवे काही घडवू नये.

मी फोनवर सांगितले तेव्हा तो उसळला. "अरे, दसरा झाला की टेम्पो येतोय! पितरांना सांग, तुमचाच मुलगा रेल्वेत होता म्हणून."

पण हे उसळणे नवीन होते. रोज संध्याकाळी त्याचा फोन येऊ लागला. कुठवर आलं? तिकिटाची खिडकी डावीकडे घेतलीस ना? पाण्याच्या माठाला ओटा होता, तो विसरू नकोस. छायाचित्रात नसलेल्या वस्तू तो आठवून सांगू लागला. भावजय म्हणाली, हल्ली जेवायला हाक मारावी लागत नाही. इतके सगळे त्या पुठ्ठ्याच्या घरावर टेकले आहे, हे मला ठाऊक होते, म्हणून काम पुढे सरके तसतशी माझी झोप कमी होत गेली.

त्याने सोडलेली जागा मात्र मी एकदाही मोजली नाही. मागे प्लास्टरचा डोंगर, पुढे रूळ, मधली पट्टी त्याने पूर्वी, मापे आठवत होती तेव्हा, मूळ इमारतीच्या हिशेबानेच सोडली होती. माप खरे असेल तर वस्तू आपल्या जागी आपोआप बसेल, अशी माझी श्रद्धा होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी ती इमारत फलाटासकट एका खोक्यात घालून नेली. त्याने दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. भावजयीने खोक्यावरचे वर्तमानपत्र काढले. त्याने इमारत वरपासून खालपर्यंत न्याहाळली. मग थरथरते बोट त्या लहानशा दाराच्या चौकटीपर्यंत नेले आणि न लावताच मागे घेतले.

"ठेव," तो म्हणाला.

मी ती जागेवर ठेवली. डोंगराकडे थोडी रेटावी लागली. बसली असे दिसले. त्याने बटण फिरवले, गाडी बोगद्यातून बाहेर आली, इंजिन फलाटाच्या कडेने सरकत गेले. मागच्या पहिल्या डब्याचा कोपरा फलाटाला लागला. डबा उचलला गेला, आडवा झाला, आणि त्याच्यामागचे सगळे डबे एकामागून एक कलंडले.

खोलीत इंजिनाची नुसती घरघर राहिली. भावजयीने पुढे होऊन बटण बंद केले.

"फलाट पुढे आलाय," तो म्हणाला. "सगळंच मोठं झालंय. दार बघ, केवढं आहे! कशाने मोजलंस?"

मी सांगितले. बोट, पेरे, कागदाची पट्टी, सगळे.

त्याने आपला उजवा हात वर केला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला. तो हलत होता, म्हणून नीट पाहण्यासाठी मला माझा डावा हात त्याच्या मनगटाला लावावा लागला. सांधे फुगलेले होते. मधल्या बोटाचे मधले पेरे सर्वांत अधिक.

"दादा, मला मोजलं नाहीस तू. ही सूज मोजलीस."

मी खाली पाहिले. ज्या हाताने झेंडा धरला होता तो हात हा नव्हे, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. कुंडाच्या मापात चूक झाली तर ती यजमानाला बाधते, असे मी शिष्यांना बजावत आलो. इथे यजमान माझ्यासमोर बसला होता.

"त्यांना फोन कर," तो भावजयीला म्हणाला. "म्हणावं, परवा कशाला, उद्याच या."

"मी पुन्हा करतो," मी म्हणालो.

"कधी? पुढच्या पितृपक्षानंतर?"

भावजय फोन हातात घेऊन उभी राहिली. तिने नंबर लावला नाही. मी माझ्या पिशवीतून पॉलिश पेपरचा तुकडा काढला आणि फलाटाची पुढची कड घासू लागलो. दुसरे काय करावे ते सुचेना. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून मला जवळचे दिसते, पण बारीक रेघ हरवते. घरी कामाला घेतलेले भिंग सोबत नव्हते, कुठवर घासायचे ते कळत नव्हते.

"तिथे नको," तो म्हणाला. मी हात थोडा सरकवला. "अरे, तिथे नको! कोपरा लागला तो पुढे, घंटेपाशी. झालर तोडशील. दादा, थांब, तुला दिसत नाहीये."

"तुला दिसतंय ना? मग तू घास."

हे माझ्या तोंडून रागाने गेले. भावजयीने माझ्याकडे असे पाहिले की मला तिथून उठून जावेसे वाटले. पण त्याने खुर्ची पुढे ओढून घेतली आणि हात पसरला. मी पॉलिश पेपर त्याच्या बोटांत दिला. हात फलाटाजवळ जाताच कंप वाढला, आणि कागद कडेला लागण्याऐवजी फलाटावर मी रंगवलेल्या पांढऱ्या रेघेवर आपटू लागला.

पूर्णाहुतीच्या वेळी यजमान आहुती देतो, तेव्हा घरची माणसे त्याच्या हाताला हात लावून उभी राहतात. आहुती एकाच हातातून पडते, पण ती सर्वांची होते. मी काही ठरवले नव्हते. सवयीने माझा हात त्याच्या कोपराखाली गेला आणि मी तो घट्ट धरला.

"धरू नकोस," तो म्हणाला. "नुसता लाव."

मी पकड सोडली. नुसता हात लावून राहिलो. त्याचा कंप माझ्या मनगटात येत होता, आणि काही वेळाने तो कोणाचा हे सांगणे अवघड झाले. त्याने कंपाशी झगडणे सोडून दिले. कागद कडेला टेकवला आणि हाताला त्याच्या मनाप्रमाणे हलू दिले. पुठ्ठ्याची पांढरी भुकटी रुळांवर पडू लागली.

"बघ," तो म्हणाला, "या हाताला शेवटी शोभेल अशी नोकरी मिळाली."

भावजय हसली, आणि हसता हसता तिने तोंड खिडकीकडे फिरवले. मला हसू आले नाही. कड सरळ राहत नव्हती, ती नदीकाठासारखी वेडीवाकडी होत होती. त्या कडेवर मी कोरलेले दगड एकेक करून पुसले जात होते.

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याचेच गृहस्थ होते. टेम्पो उद्या पाठवू की परवा, असे विचारत होते. भावजयीने फोन त्याच्या कानाशी धरला.

"नाही, उद्या नको," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. पूर्वी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये तो फोनवर असेच बोलायचा. "फलाटाला लागून काम चालू आहे. गाडी सोडता येणार नाही." पलीकडून काही विचारले गेले. "ते आत्ता सांगता येत नाही. नाही, परवाही नाही. काम संपलं की मी कळवतो."

मग भावजयीने फुंकर मारून रूळ साफ केले आणि डबे एकेक करून उभे केले. पुन्हा बटण फिरवले. इंजिन गेले, पहिला डबा गेला, दुसरा गेला. फलाटाच्या शेवटच्या टोकाला, माठाच्या ओट्यापाशी, तिसरा डबा परत टेकला आणि गाडी कुरकुरत उभी राहिली. पडली नाही.

"अजून एवढंच राहिलं आहे," मी म्हणालो आणि पॉलिश पेपर उचलला.

"राहू दे ते," तो म्हणाला. "उद्या दसरा आहे. तू घरचं आटोपून ये."

त्याचे दोन्ही हात पुन्हा मांडीवर आले होते आणि आधीपेक्षा अधिक थरथरत होते. ते टोक बोटभर होते, घासायला घटकाही लागली नसती. त्याने ते थकून सोडले, की उद्यासाठी म्हणून ठेवले, हे मी विचारले नाही. मी चपला घालून जिना उतरू लागलो, तेव्हा वरून त्याचा आवाज आला, येताना बारीक दाण्याचा कागद आण म्हणून.