कोचचा डावा डोळा

२००४ साली आम्ही अमेरिकेत, वेस्ट विंडसरला राहायचो. माझी मुलगी अकरा वर्षांची होती आणि मुलींच्या सॉकर टीममध्ये खेळायची. तिचा कोच ग्रीक होता. पन्नाशी उलटलेला, बोलायला अगदी मोजका. तरुणपणी तो तिकडच्या मोठ्या क्लबकडून खेळलाय, एवढंच आम्हा पालकांना ठाऊक होतं. त्या उन्हाळ्यात ग्रीसनं युरोपचा कप जिंकला तेव्हा बायकोनं त्याला घरचे पेढे दिले. त्यानं एक खाल्ला, ‘थँक यू’ म्हणाला आणि मुलींना पळायला लावलं.

ऑक्टोबरातल्या एका मॅचमध्ये हेडर मारताना माझ्या मुलीचं डोकं दुसरीच्या डोक्यावर आपटलं. ती पडली, लगेच उठली. “आय ॲम फाइन!” पण कोचनं तिला बाहेर बसवलं. स्कोअर बरोबरीत होता, दहा मिनिटं उरली होती. मी तावातावानं त्याच्याकडे गेलो.

“ती ठीक आहे म्हणतेय ना? खेळू द्या तिला!”

“मीही ठीक आहे म्हणालो होतो,” तो मैदानाकडे बघत म्हणाला. “चोविसाव्या वर्षी. कोचनं तोंडावर पाणी मारलं आणि परत आत पाठवलं. पुढचा बॉल डोक्यावर घेतला, तो चार दिवसांनी हॉस्पिटलात शुद्धीवर आलो. खेळणं तिथंच संपलं.” मग माझ्याकडे वळून त्यानं उजवा डोळा तळहातानं झाकला. “आता तुम्ही मला दिसत नाही.”

मी गारच पडलो. दोन वर्षं या माणसाशी बोलत होतो, आणि हे मला कधी कळलंही नव्हतं.

परत येताना गाडीत मुलीनं विचारलं, “बाबा, हू वन?” मॅच कोण जिंकलं, ते मी सांगितलं. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी गाडी तशीच हॉस्पिटलला नेली. स्कॅनमध्ये डोक्यात छोटा रक्तस्राव निघाला. “हिला अजून एक मार बसला असता तर...” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ऑपरेशन लागलं नाही. आठवड्याभरात मुलगी घरी आली, पण पुढचं वर्षभर तिचा खेळ बंद होता. मी कोचची माफी मागायला गेलो, तेव्हा तो मैदानातले प्लॅस्टिकचे कोन गोळा करत होता.

“मला लागलं त्या दिवशी माझे वडील मॅच बघायला आले होते,” तो म्हणाला. “‘ऊठ, खेळ,’ म्हणून तेही ओरडत होते. नंतर त्यांनी फुटबॉल कधी पाहिला नाही.”

 मी वाकलो आणि त्याच्याबरोबर कोन उचलू लागलो.