गुरुजींचं चावीचं घड्याळ

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. एक मनगटी घड्याळ हरवलं होतं. मी खुनाचे तपास केले त्यांतल्या कित्येक आरोपींची नावं आता आठवत नाहीत. या घड्याळाच्या तपासात समोर बसलेल्या बाईच्या लुगड्याचा काठसुद्धा आठवतो. निवृत्तीनंतर माणसाकडे वेळ फार असतो आणि अशा गोष्टी तो वेळ खात बसतात.

नावं कोणाचीच लिहीत नाही. गाव केळझरच्या पलीकडचं, एवढं पुरे.

फिर्यादी भाजीपाल्याची शेती करणारा, घरचा थोरला. वडील निवृत्त शिक्षक. सारं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. शेवटची दोन वर्षं ते अर्धांगवायूने अंथरुणावर होते. ते गेले, तेरवी झाली, आणि त्यानंतर घरच्यांच्या लक्षात आलं की उशाजवळच्या फळीवरचं घड्याळ जागेवर नाही. स्विस बनावटीचं, चावीचं. गुरुजींच्या वडिलांनी कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम असताना घेतलेलं. म्हणजे तिसऱ्या पिढीकडे जाणारं.

"संशय कोणावर?" मी ठरलेला प्रश्न विचारला.

"बाबूजीजवळ एकच बाई राहत होती साहेब," थोरला म्हणाला. "घरच्यावर तर संशय घेता येत नाई नं."

मी ते तसंच लिहून घेतलं. वाक्यात काही खटकलं नाही. आज ते वाचलं तर मला माझीच लाज वाटेल.

बाई चाळिशीची. गुरुजींचं सगळं करणारी. अंग पुसणं, जेवू घालणं, कूस बदलणं. तिचा नवरा जाम गावच्या चौरस्त्यावर एका ढाब्यात कामाला होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा. ती गुरुजींशिवाय गावातल्या आणखी दोन घरी म्हाताऱ्या माणसांचं बघायची. मी तिला ठाण्यात आणायला जीप पाठवली. बाईमाणसाची चौकशी तिच्या घरी जाऊन करायची असते, हा नियम मला पाठ होता. पण मनुष्यबळ कमी, कामाचा ढीग, आणि खरं सांगायचं तर ती गरीब होती. थोरल्याच्या बायकोची चौकशी करायची असती तर मी घरी गेलो असतो, आणि ओसरीवर चहा घेऊन सुरुवात केली असती.

महिला शिपाई शेजारी बसवली. उन्हं कलायच्या आत सोडलं. नोंदी केल्या. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती.

"घड्याळ कसं होतं?" मी विचारलं.

"दुधावरच्या सायीच्या रंगाचं. बारा, तीन आन् नऊ, एवढेच आकडे. सहाच्या जागी लहान गोल, त्यात सेकंदाचा काटा. चाबी भरतानी मधी मधी एक टप्पा चुकते."

"तुला एवढं कसं माहीत?"

"रोज सकाळी मीच चाबी भरत होती नं साहेब. गुरुजीचे बोटं चालत नव्हते. पहिले चाबी, मंग चहा. चाबी भरल्याबिगर कप तोंडाले लावत नव्हते."

आमचे हवालदार दारातून म्हणाले, "साहेब, इतकं तर मले माह्या बायकोचंबी माईत नाई." सगळे हसले. मीही हसलो. ती हसली नाही.

"थोरले तर सांगतात पांढरी तबकडी आणि सगळे सोनेरी आकडे."

"त्यायनं कधी पाह्यलं?" ती म्हणाली. "गुरुजी तोंड आतल्या बाजूनं बांधत होते घडीचं."

हे खरं होतं. एका हातात पुस्तक उघडं धरून शिकवताना वेळ दिसावी म्हणून जुने मास्तर तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवत. तीस वर्षं शिकवून लागलेली सवय. मुलांनी बापाच्या हातावर जन्मभर फक्त पट्ट्याचं बक्कल पाहिलं होतं. पण मला तिचं उत्तर उर्मट वाटलं. आणि इतकी बारीक माहिती असणं हाच मला पुरावा वाटला. ज्याने वस्तू नेली त्यालाच ती नीट आठवते, असं मी नव्या पोरांना शिकवत असे.

"घड्याळ बिघडलं की कुठे देत होते?" मी विचारलं.

"वर्ध्याच्या म्हाताऱ्या घडीवाल्याकडे. दुसऱ्या कोणाले हात लावू देत नव्हते. त्यायले विचारा तुमी."

मी मनात नोंद केली: विकायचं ठिकाण. हवालदारांना तिथे पाठवलं. म्हाताऱ्याने सांगितलं, असं काही आलं नाही. आलं तर कळवतो. हवालदारांनी त्याला वर्णन दिलं ते फिर्यादीतलं, पांढऱ्या तबकडीचं. बाईने दिलेलं द्यावं असं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने उलट मला विचारलं. "साहेब, माह्या कागदाचं काय झालं?"

तेव्हा कळलं. वर्ध्यात एका खाजगी दवाखान्यात आया म्हणून तिची निवड झाली होती. दर महिन्याचा ठरलेला पगार, सुट्टी, गणवेश. सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि त्यासाठी पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागत होता. अर्ज आमच्याच ठाण्यात येऊन पडलेला. तिचं नाव चौकशीत आहे म्हणून कारकुनाने तो बाजूला ठेवलेला.

"चौकशी संपली की पाहू," मी म्हणालो.

"चौकशी कवा संपते?"

"तू खरं बोलशील तेव्हा."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मंग कालच संपली," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशीही बोलावलं. निघताना फाटकाजवळ ती महिला शिपायाला म्हणाली, ते मला खिडकीतून ऐकू आलं. "पहिल्या दिवशी जीपीनं आणलं, साऱ्या गावानं पाह्यलं. आता एसटीनं ये म्हणतात. चोर जुना झाला का गाडी बंद होते काय वो ताई?" तोवर गावातली उरलेली दोन्ही घरं तिला नको म्हणाली होती. सोमवार आला आणि गेला.

बुधवारी वर्ध्याहून फोन आला. तोच घड्याळवाला.

"साहेब, तुमी सांगतलेली घडी नाई हे. पण येऊन पाहा. वरून दुसरी हाये, आतून तेच हाये."

मी स्वतः गेलो. बाजाराच्या गल्लीत जिन्याखाली बसेल एवढं दुकान. त्याने एक घड्याळ काढून कागदावर ठेवलं. काळी चकचकीत तबकडी, पांढरे आकडे, आरशासारखी घासलेली चौकट. दुकानात मांडलेलं नवं घड्याळ वाटावं. नागपूरच्या एका कारागिराने ते पूर्ण 'नवं' करून दिलं होतं. पण चार तास चाले आणि थांबे. आतला एक बारीक भाग हवा होता, आणि जुन्या स्विस घड्याळांचे सुटे भाग या भागात आता फक्त याच म्हाताऱ्याकडे मिळतात, म्हणून कारागिराने माणसाबरोबर त्याच्याकडे पाठवलेलं.

त्याने मागचं झाकण उघडलं आणि डोळ्याला लावायचं भिंग माझ्या हातात दिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरल्यासारख्या बारीक खुणा. महिना, वर्ष, आणि शेजारी एक चिन्ह.

"घडी उघडली का खूण करा लागते," तो म्हणाला. "कोणं उघडली, कवा उघडली. पुढच्या कारागिराले समजलं पाहिजे. वरच्या तीन माह्या उस्तादाच्या. खालच्या चार माह्या. गुरुजीले मी दोनदा म्हणलं, चाबीच्या चाकाचा एक दाता झिजला, बदलून टाकू. म्हणे राहू दे, वडिलांच्या हाताचा झिजला हाये."

त्याने चावी भरायला सुरुवात केली. पाच-सहा वळणं झाली आणि एक टप्पा चुकला. पुन्हा थोडी वळणं, पुन्हा चुकला.

मी स्टुलावर बसून राहिलो. 'मधी मधी एक टप्पा चुकते' हे तिचं वाक्य माझ्या टेबलावर, माझ्याच अक्षरात, जबाबात लिहिलेलं होतं.

नागपूरच्या कारागिराने गिऱ्हाइकाचं नाव लगेच सांगितलं. लपवण्यासारखं त्याला काहीच नव्हतं. गिऱ्हाईक म्हणजे गुरुजींचा धाकटा मुलगा. नागपुरात चांगल्या नोकरीत. तो गाडीने आला, मी त्याला खुर्ची दिली. थोरल्यालाही बोलावलं होतं, घड्याळवाल्यालाही, आणि तिलाही.

"चोरी कशाची साहेब?" धाकटा म्हणाला. "माझ्या बापाचं घड्याळ. तेरवीच्या दिवशी उचललं. आठवण म्हणून चांगलं करून घेत होतो."

"मले सांगता येत नव्हतं काय रे?" थोरला ओरडला.

"सांगतलं असतं तर तू दिलं असतं?"

मी धाकट्याकडे वळलो.

"भावाने तक्रार दिली, हिला रोज ठाण्यात बोलावतात, हे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"माहीत होतं," तो म्हणाला. "वाटलं, होईल दोन-चार दिवसांत थंड. घरात भांडण नको होतं."

मी त्याच्यावर कसली कारवाई करणार होतो? खोटा जबाब त्याने दिला नव्हता. तेरवीला त्या घरात शंभर माणसं वावरली. मी बोलावलं एकीला. धाकट्याने खोटं सांगितलं नाही, कारण मी त्याला काही विचारलंच नव्हतं.

पंचांसमोर ओळख पटवायची होती. थोरल्याने घड्याळ उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "हे आमचं वाटत नाई." मी ते तिच्यासमोर ठेवलं. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"हात नाई लावत मी. मंग म्हणान ठसे सापडले." आणि घड्याळवाल्याकडे वळून, "काका, चाबी भरा नं तुमीच. आयकू द्या सायबाले."

त्याने भरली. खोली शांत होती. टप्पा चुकला तो सगळ्यांना ऐकू आला. थोरल्याने मान खाली घालून विचारलं, "काका, आता पहिलेसारखी होईल काय?"

"चालन," म्हातारा म्हणाला. "जुनी तबकडी खरवडून टाकली नं बाप्पा यायनं. रंग काढला तर खाली पत्रा निघन. चालन तेवढी."

दोघे भाऊ बाहेर पडताना थोरला मागे वळला. "घरचीच गोष्ट निघाली साहेब. मिटवून टाका." तिच्याशी तो एक शब्द बोलला नाही. धाकटाही नाही. गैरसमजुतीतून दाखल गुन्हा म्हणून मी 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, कोर्टात पाठवली, घड्याळ पावती घेऊन परत दिलं. जी चोरी झालीच नव्हती तिच्यासाठी आम्ही मात्र एक चोर तयार केला होता.

तिचा दाखला त्याच दुपारी काढला. 'प्रतिकूल काही नाही.' दवाखान्यात स्वतः फोनही केला. तिथला माणूस फार नम्रपणे बोलला. म्हणाला, जागा सोमवारीच भरली. आणि मग हळूच म्हणाला, "राग नका मानू साहेब, पण जिच्यासाठी ठाणेदाराला स्वतः फोन करावा लागतो, अशी बाई आम्ही घेत नाही."

ती दाखला न्यायला आली तेव्हा मी उभा राहिलो. "बसा," म्हणालो. इतके दिवस मी त्या दोघा भावांना 'तुम्ही' आणि तिला 'तू' म्हणत होतो, हे मला तो शब्द तोंडातून निघाल्यावर कळलं. तिलाही कळलं असावं. ती बसली नाही. तिने कागद सावकाश वाचला.

"याच्यात असं लिहलं हाये काय, का चूक तुमची होती?"

"या नमुन्यात तसा रकाना नसतो."

"मंग कोऱ्या कागदावर लिहा."

हवालदार पुढे आले. "साहेब, हे तुमच्यावर येईन," हळूच म्हणाले. मी ठाण्याच्या नावाचा कोरा कागद घेतला आणि लिहिलं: या बाईंना चोरीच्या संशयावरून तीन दिवस ठाण्यात बोलावलं, त्यांची चौकशी घरी व्हायला हवी होती ती केली नाही, त्यांनी दिलेली माहिती पहिल्या दिवसापासून खरी होती, चोरी झालीच नव्हती, आणि ही चूक माझी आहे. सही केली. शिक्का मारला. तिने तो चार घड्या करून कमरेला खोचला आणि गेली. आभार मानले नाहीत. का मानावेत?

पुढच्या ग्रामसभेत तिने तो ग्रामसेवकाला मोठ्याने वाचायला लावला, असं कळलं. दोनपैकी एका घराने तिला परत कामाला बोलावलं. दुसऱ्याने नाही. दवाखान्यातली जागा गेली ती गेलीच.

या नोकरीने मला शिकवलं असं फार थोडं आहे. पोलीस माणूस गरिबाला आधी विचारतो आणि श्रीमंताला शेवटी, आणि बहुतेक वेळा शेवटपर्यंत पोचतच नाही. हे मी ऐकून होतो, पत्रकांत वाचून होतो, तरुणपणी मोठ्या आवाजात बोललोही होतो. खाकी घातली आणि तेच केलं. त्या बाईनंतर मी माझ्या ठाण्यात एक सवय लावली. संशयिताची यादी करण्याआधी, कोणाला विचारलंच नाही त्यांची यादी करायची. काही वेळा ती पाळली गेली, काही वेळा नाही. माणसं थकतात, ठाणी थकतात.

मी तिला लिहून दिलेला तो कागद फिरत फिरत वरिष्ठांपर्यंत पोचला आणि मला कारणे दाखवा नोटीस आली. शासकीय पत्रावर असा मजकूर कोणत्या अधिकारात लिहिला, याचा खुलासा सात दिवसांत करावा. मी त्याच दिवशी केला. खुलाशात एकच ओळ होती: मजकूर खरा आहे.